लिंबावरून गेलेली फियाट

आमच्या फियाटचा डिस्ट्रिब्युटर इंजिनात रुतून बसला आहे, हे मला गोविंदा मेकॅनिकने सांगितलं. तोवर मला एवढंच माहीत होतं, की गाडी सुरू होत नाही.

गोविंदाने बॉनेटखाली डोकं घातलं, इंजिनाच्या बाजूची काळी टोपी काढली आणि आतला फिरता हात दोन बोटांत धरून हलवला.

"पाहा काका, दांडा कसा डुगडुगून राहिला. दांडा ज्याच्यात फिरते तो आतला बुश गेला. हे पूर्ण बाहेर काढाच लागते. पण निघून नाही राहिलं. ॲल्युमिनियम लोखंडाले चिकटलं. जोर लावला तर तुटेल, मंग तुम्ही माझ्या नावानं बोंब माराल."

"मी नाही मारणार," मी म्हणालो.

"तुम्ही नाही, काकू मारतीन," असं म्हणून त्याने टोपी परत बसवली, हात पुसले आणि तो गेला.

डिस्ट्रिब्युटर म्हणजे काय, ते सांगायला हवं. इंजिनात चार सिलिंडर असतात. प्रत्येकात पेट्रोलची वाफ दाबली जाते आणि पुरती दाबली गेली, की नेमकी त्या वेळी ठिणगी पडावी लागते. आधी पडून उपयोग नाही, नंतर पडूनही नाही. आता कोणाची पाळी, हे ठरवून चौघांना करंट वाटून देणारा भाग म्हणजे डिस्ट्रिब्युटर. वर टोपी, टोपीतून निघालेल्या जाड वायरी, आत फिरणारा हात, त्याला रोटर म्हणतात, आणि खाली इंजिनाच्या पोटात उतरलेला दांडा. हे मी पुस्तकातलं सांगतो आहे. मला गाडीचं जे काही कळतं ते तेवढंच.

पुस्तकही माझं नाही, माझा थोरला भाऊ दादाजी याचं. तो कामठीला पॉवरलूमच्या कामात होता. ही गोल नाकाची, लोक डुक्कर म्हणतात ती फियाट त्याने जुनीच घेतली होती, आणि गाडीबरोबर दुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक आलं होतं. त्याला इंग्रजीचा कंटाळा. मी रविवारी कामठीला गेलो, की तो गाडीखाली झोपायचा आणि मी बाजूला स्टुलावर बसून पुस्तक वाचून दाखवायचो. आमचं बोलणं तेवढंच व्हायचं, पण मला ते आवडायचं. तो गेल्यावर त्याच्या मुलांना गाडी नको होती. ती माझ्याकडे आली, मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटच्या पार्किंगमध्ये, आणि उभी राहिली. मी आयुष्यभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. उभ्या राहिलेल्या वस्तूंची मला सवय होती. सोसायटीतल्या लोकांना नव्हती.

पार्किंगची जागा कमी आणि स्कूटरी वाढलेल्या. सभेत ठरलं, की बंद गाड्या हलवायच्या. बंद गाडी एकच होती. सभेनंतर सेक्रेटरी भूपेश, दुसऱ्या मजल्यावरचा, मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, तुमच्यासाठी सवलत ठेवली. दसऱ्यानंतरच्या रविवारी पुन्हा सभा आहे. त्या दिवशी गाडी आपल्या इंजिनावर गेटबाहेर जाऊन परत आली, तर विषय संपला. नाही तर भंगारवाल्याले मीच फोन लावतो. तुम्हाले काही त्रास नाही."

तो मनापासून बोलत होता. मी "बरं" म्हणालो. सभेत आणि सभेनंतर मी एवढंच म्हणतो.

गोविंदा गेल्यावर मी पुस्तक काढलं. चिकटलेल्या डिस्ट्रिब्युटरबद्दल त्यात एकच परिच्छेद होता आणि त्याचा सूर शांत होता: गंज सोडवणारं तेल सोडा, वाट पाहा, हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवा, ओढू नका. वाट पाहणं मला जमण्यासारखं होतं. मी रोज सकाळी खाली जाऊन सांध्यावर तेलाचे थेंब सोडू लागलो. मग उकळत्या पाण्यात बुडवलेलं फडकं भोवती गुंडाळायचं, आणि लाकडी हातोडीने खालच्या कडेवर अगदी हलक्या टिचक्या मारायच्या. माझी बायको प्रेमिला गॅलरीतून पाहायची.

"अजी, डॉक्टर नाडी पाहते तसे काय करून राहिले?" तिने एकदा विचारलं.

"ओढायचं नाही म्हणतात."

"मंग ते काय आपल्या मनानं बाहेर येईल?"

मलाही तीच शंका होती. आदल्या आठवड्यात मी त्यावर रबरी पट्टा आवळून फिरवून पाहिलं, तर पट्टा फिरला आणि डिस्ट्रिब्युटर जागचा हलला नाही. पण मला हेही कळेना, की तेल जातं कुठे. रोज टाकतो, रोज नाहीसं होतं, म्हणजे कुठेतरी वाट असणारच. एका सकाळी पट्टा आवळला तेव्हा मनगटाला काहीतरी वेगळं लागलं. सरकलं नव्हतं, पण अडून राहिल्यासारखंही नव्हतं. मी वाकून पाहिलं. सांध्यापाशी तांबूस चिखलाची केसासारखी रेघ उमटली होती. त्यानंतर मी घाई केली नाही. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, पुन्हा तेल.

अष्टमीच्या सकाळी तो बाहेर आला. पण त्याआधी मी पुस्तकात सांगितलेलं सगळं केलं होतं. चारही प्लग काढून ठेवले, म्हणजे इंजिन सहज फिरतं. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून पुढेमागे ढकलली आणि इंजिनाच्या पुलीवरची खूण जागेवर आणली. रोटर कुठे तोंड करून आहे ते खडूने लिहून ठेवलं. हँडब्रेक धरत नव्हता, म्हणून गाडी तशीच गिअरमध्ये राहू दिली. पुस्तकात ठळक अक्षरांत बजावलं होतं: डिस्ट्रिब्युटर बाहेर असताना इंजिन फिरू देऊ नका. कारण त्याच्या दांड्याचं टोक दातेरी असतं. ते खालच्या भोकात कसंही बसतं, बरोबरही आणि चूकही. इंजिन जागचं हललं नाही, तर काढला तसा घालता येतो. हललं, तर खडूच्या खुणेला काही अर्थ उरत नाही.

घसरत घसरत तो माझ्या हातात आला तेव्हा मी बराच वेळ नुसता पाहत बसलो. इतकी वर्षं अंधारात फिरलेलं ते टोक अजून चकचकीत होतं.

नवमीला प्रेमिलाने माझे पाने आणि पेचकस धुऊन पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. आमच्या दोघांच्याही घरी माग होते. खंडेनवमीला धोटा, फणी, कातर सगळं पूजेत ठेवायचं आणि दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, ही रीत. काम थांबलं याचं मला वाईट वाटलं नाही. डिस्ट्रिब्युटर सदर भागातल्या एका जुन्या दुकानात नवा बुश बसवायला दिलेलाच होता. दुकानदार म्हणाला होता, दसऱ्याला सकाळी पूजेपुरतं उघडतो, तेव्हा घेऊन जा.

दसऱ्याला दीक्षाभूमीकडचे रस्ते गर्दीने भरलेले असतात, म्हणून मी मेट्रोने गेलो. दुकानात मशिनींना झेंडूच्या माळा होत्या. डिस्ट्रिब्युटर वर्तमानपत्रात गुंडाळून मिळाला. परतताना मेट्रोत मी एक कोपरा उलगडून दांडा फिरवून पाहिला. डुगडुगत नव्हता. समोरच्या बाईने पर्स जवळ घेतली, तेव्हा मी कागद परत गुंडाळला.

सोसायटीच्या गेटमधून आत आलो तर फियाटला हार घातलेला. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, काचेवर अक्षता, पुढ्यात फुटलेला नारळ. भूपेशची आई वच्छलाबाई हातात ताम्हन घेऊन उभी. सोसायटीतल्या सगळ्या गाड्यांची पूजा दर वर्षी तीच करते.

"या भाऊजी, तुमचीच वाट पाहून राहिलो होतो," ती म्हणाली. "मंग म्हटलं, मुहूर्त टळते. चालत नसली म्हणून काय झालं, वाहन आहे नं. तिची पूजा नको?"

"छान केलं," मी म्हणालो.

"आन् लिंबावरून तर अशी गेली, फुलावानी. भूपेशनं अन् आणखी दोघातिघांनी हात लावला की सुटली. देवाचं केलं की जड वस्तू हलकी होते."

तेव्हा मी खाली पाहिलं. पुढच्या चाकांपाशी लिंबं चिरडलेली होती. पूजा झाली, की गाडी लिंबावरून न्यायची. बाकीच्या गाड्या इंजिनावर गेल्या. माझी ढकलावी लागली. गिअरमध्ये होती, पण प्लग काढलेले होते, त्यामुळे इंजिन मुकाट्याने फिरत गेलं असणार. फुलावानी.

मी पुडकं छातीशी धरून उभा राहिलो. जो माणूस भंगारवाल्याला फोन लावणार होता, त्यानेच खांदा लावून तिचं लिंबू फोडलं होतं, आणि आता प्रसादाची वाटी माझ्यापुढे धरून तो हसत होता. मी खोबरं घेतलं.

पण डोक्यात एकच प्रश्न घुमू लागला, की गाडी किती गेली. ते कळलं, तर इंजिन किती फिरलं हे काढता येईल. चाकाचा घेर मोजता येतो. चाकाच्या एका फेऱ्यात इंजिनाचे किती फेरे होतात, ते पुस्तकात होतं. म्हणजे तेवढंच उलट फिरवून गाडी होती तिथे आणता येईल. मला ही कल्पना फार हुशारीची वाटली. मी एकेकाला सहज विचारल्यासारखं विचारू लागलो.

"कुठवर नेली होती?"

"लिंबू फुटेपर्यंत," वच्छलाबाई म्हणाली.

"खांबापर्यंत गेली काका," भूपेश म्हणाला. "मंग मीच मागं घेतली, नाही तर त्या स्कूटरले लागली असती. काहून, कुठी घासली का?"

"नाही, नाही. सहज."

वर आल्यावर प्रेमिलाला विचारलं. तीही ढकलणाऱ्यांत होती.

"एकदा नाही, दोनदा नेली," ती म्हणाली. "पहिल्या वेळेस एक लिंबू घसरलं. वच्छलाबाई म्हणे, हे नाही चालत, परत घ्या."

दुपारी सगळे झोपल्यावर मी शिवणाचा टेप घेऊन खाली गेलो. फरशीवर लिंबाच्या रसाचे डाग होते, टायरवर सालीचे तुकडे. कोणता डाग पहिल्या खेपेचा, कोणता दुसऱ्या, हे कळायला मार्ग नव्हता. खांबापर्यंत म्हणजे बंपर खांबापर्यंत की चाक? गणित केलं, दर वेळी वेगळं उत्तर आलं. गुडघे दुखायला लागले तेव्हा उठलो. वरून प्रेमिला पाहत होती.

"काय हरवलं?"

"जरा खाली ये वं," मी म्हणालो.

ती आली. मी तिला सगळं सांगितलं.

"आधी सांगाचं नं. मले काय माहीत, लिंबानं इंजिन फिरते म्हणून."

"लिंबानं नाही. गिअरमध्ये होती."

"गिअरमध्ये कोणी ठेवली?"

मी टेप गुंडाळू लागलो.

"बरं, वच्छलाबाईले सांगू नका," ती म्हणाली. "तिनं स्वतःच्या पैशानं हार आणला."

"नाही सांगत."

"आता गाडी जाईल का?"

"रविवारपर्यंत वेळ आहे," मी म्हणालो. त्यातून मी हो म्हणालो की नाही, हे मलाच कळलं नाही.

शुक्रवारी पाने पाटावरून उठले. मी विचार केला, की गाडी कुठे होती याचा नाद सोडावा. पुलीवर खूण आहे, ती खूण पुन्हा जागेवर आणली, की पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर येणारच. गाडी गिअरमधून काढली, पुढून हँडल घालून इंजिन फिरवलं, खूण जुळवली, खडूने लिहिल्याप्रमाणे रोटर फिरवून डिस्ट्रिब्युटर बसवला. तेल लावलेलं होतं, गुळगुळीत आत गेला. प्लग लावले, वायरी लावल्या, नवी बॅटरी जोडली. चावी फिरवली.

गाडी गुरगुरली, खोकली, आणि कार्बोरेटरमधून असा बार उडाला, की गच्चीवरची कबुतरं समोरच्या इमारतीवर गेली.

"भाऊजी," वच्छलाबाई गॅलरीत आली, "दिवाळीले वेळ आहे अजून."

भूपेश ऑफिसला निघाला होता. हेल्मेट हातात घेऊन तो थांबला. "काका, सुरू होऊन राहिली का फुटून राहिली?"

"पाहतो आहे," मी म्हणालो.

"पाहा. पण जीव सांभाळून. एका गाडीसाठी भुवया नका जाळू." मग आवाज उतरवून म्हणाला, "भंगारवाला माझ्या वळखीचा आहे. आदबीनं नेईल."

मी पुन्हा चावी फिरवली नाही, गाडी परत गिअरमध्ये टाकून ठेवली. त्या दिवशी मला खात्री झाली, की दादाजीच्या शेजारी स्टुलावर बसून मी जे वाचलं, ते फक्त मोठ्याने वाचलं होतं. वाक्यं मला पाठ होती. ती कशाबद्दल होती, हे दादाजीला कळत होतं.

शनिवारी संध्याकाळी प्रेमिला मेथी निवडत बसली होती. मी पुस्तक मांडीवर ठेवून तिच्यासमोर बसलो होतो, वाचत नव्हतो.

"खूण जुळली होती नं?" तिने विचारलं.

"अगदी."

"मंग बिघडलं काय?"

मी तिला सांगू लागलो, आणि सांगताना माझ्याच लक्षात आलं, की मी हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. पिस्टन एका ठिणगीमागे दोनदा वर येतो. एकदा वाफ दाबायला, तेव्हा ठिणगी हवी. आणि एकदा जळालेला धूर बाहेर ढकलायला, तेव्हा ठिणगीचं काही काम नाही.

"आन् खूण?"

"खूण दोन्ही वेळा जुळते."

प्रेमिलाने मेथीची जुडी खाली ठेवली. ती उमरेडची. लहानपणी वडिलांच्या मागावर बसलेली. माझ्या वडिलांनी मलाही बसवलं होतं, पण माझे धागे फार तुटायचे, म्हणून मला शाळेत पाठवलं असं घरात म्हणत.

"फणीसारखं झालं मंग," ती म्हणाली. "फणी सूत ठोकाले दर वेळेस तिथंच येऊन आदळते. पायाखालची डावी पावडी दाबा का उजवी दाबा."

"हो."

"चालू मागावरून कोणी मधातच उठून गेलं, आन् दुसरं बसलं, तर ते काय पाहाते?"

"कोणता पाय खाली होता."

"फणीवरून कळते का?"

"नाही. फणीवरून कसं कळेल? सुताकडे पाहावं लागतं. कोणते धागे वर आहेत..."

मी तिथेच थांबलो. ती माझ्याकडे पाहत होती. डावा पाय खाली असताना उजव्याचा धोटा टाकला, तर कापडात दोष पडतो, एवढं मला माग न येताही माहीत होतं. मी फणी पाहून धोटा टाकला होता.

"इंजिनाचं सूत कुठी राहाते?" तिने विचारलं.

मी पानं उलटू लागलो. ते वाक्य होतं. खूण जुळवण्याच्या परिच्छेदाखाली, एका ओळीत: खात्रीसाठी पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा धरावा आणि दाब येतो का पाहावं. ही ओळही मी दादाजीला वाचून दाखवली असणार. तो त्या वेळी गाडीखालून काही म्हणाला होता का, ते आठवेना.

खाली अंधार झाला होता आणि पार्किंगचा दिवा तेवढा उजेड देत नाही. सकाळवर ठेवलं.

रविवारी सभा दहाला होती. आम्ही चहा घेऊन लगेच खाली उतरलो. मी गाडी गिअरमधून काढली, दोनदा तपासली, चारही प्लग काढले. हँडल पुढून घालायचं, तर अंगठा धरायला दुसरं माणूस हवं. प्रेमिलाने पदर खोचला आणि रेडिएटरकडच्या पहिल्या भोकावर अंगठा दाबून धरला.

"हात कापत नाही नं यात?"

"नाही. पुस्तकात तसं काही नाही."

"पुस्तकात काय काय नाही, ते पाहिलं मी शुक्रवारी."

मी हँडल हळू फिरवू लागलो. ती सांगत होती.

"काही नाही... काही नाही... थांबा. ओढून राहिलं. अजी, आत ओढून राहिलं, लेकरू बोट चोखते तसं."

"ती वाफ आत घेते आहे. आता पुढे."

"सुटलं. काही नाही. आता... बाप्पा. आता ढकलून राहिलं. लय जोर आहे. अंगठा ठरू देत नाही."

"ठरला नाही तरी चालेल." मी पुलीकडे पाहत होतो. खूण येत होती. अगदी समोर आल्यावर हँडल सोडलं आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून पाहिलं. रोटरचं तोंड पहिल्या सिलिंडरच्या वायरीकडे असायला हवं होतं. ते बरोबर उलट्या बाजूला होतं. शुक्रवारी मी अर्ध्या फेऱ्याने चुकलो होतो. थोडाथोडका नाही, दातभरही इकडेतिकडे नाही, नेमका अर्धा फेरा. इतकी स्वच्छ चूक पाहून मला बरंच वाटलं.

खालची पकड सैल करून डिस्ट्रिब्युटर वर उचलला. एका हाताने आला. रोटर अर्धा फिरवला आणि परत सोडला. दात भोकात बसल्याचं बोटांना जाणवलं. आता प्लग लावायचे होते, पण मी थांबलो.

"काय झालं?"

"जरा तू हँडल फिरवशील का? मला पाहायचं आहे."

"काय पाहाचं? मी सांगितलं नं."

"कसं लागतं ते."

"सभेची वेळ होऊन राहिली," ती म्हणाली, पण हँडलकडे गेली. मी अंगठा भोकावर ठेवला. आधी नुसतं गार लोखंड. मग कातडी आत खेचली गेली, हळूच, पण नक्की. मग काही नाही. आणि मग खालून काहीतरी वर आलं, अंगठा उचलून फस्स करून निघून गेलं. जुन्या पेट्रोलचा वास आला. मी तिला आणखी एकदा फिरवायला सांगितलं, आणि मग तिसऱ्यांदा सांगायची लाज वाटली.

तोवर भूपेशने प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडायला सुरुवात केली होती. वच्छलाबाई पुढच्या रांगेत येऊन बसली. लोक उतरू लागले. मी प्लग आवळत होतो आणि पाठीवर सगळ्यांचे डोळे जाणवत होते. एक वायर चुकीच्या प्लगला जाता जाता राहिली.

"काका, आधी तुमचा विषय घेऊ का शेवटी?" भूपेशने विचारलं.

मला शेवटी म्हणायचं होतं. "आधी घ्या," प्रेमिला म्हणाली आणि दार उघडून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

मीही बसलो. चावी फिरवली. गाडी गुरगुरली, एकदा अडखळली. मागच्या रांगेतल्या कोणीतरी कान झाकले. मग ती धरली. आवाज एकसारखा नव्हता, दारं थरथरत होती, मागून निळा धूर निघून पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत चढला. पण ती चालत होती.

"पाहा," वच्छलाबाई खुर्चीतून म्हणाली, "सांगितलं नव्हतं मी?"

मी क्लच दाबला, स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर पहिल्यात टाकला. खुर्च्यांच्या दोन रांगांमधून गाडी हळूहळू निघाली. लोकांनी पाय आत घेतले. भूपेश पुढे धावत जाऊन गेट उघडून उभा राहिला. बाहेर रस्ता मोकळा होता. मी जरा पुढे जाऊन, भाजीच्या हातगाडीपलीकडे जागा होती तिथे गाडी वळवली. आता तोंड गेटकडे होतं. भूपेश हात हलवून बोलावत होता. त्याच्यामागे सगळे उठून गेटपर्यंत आले होते.

मी चावी उलटी फिरवली. इंजिन थांबलं.

रस्ता एकदम शांत झाला. भाजीवाल्याने आमच्याकडे पाहिलं. गेटपाशी भूपेशचा हात हवेतच राहिला.

"काहून बंद केली?" प्रेमिलाने विचारलं. ती ओरडली नाही, पण तिने डॅशबोर्ड घट्ट धरला होता.

"नाही, बघ, थंड असताना सुरू झाली," मी म्हणालो. "कदाचित अशीच झाली असेल. आपोआप. ते बरोबर बसलंय की नाही, हे एकदा सुरू होऊन कळत नाही."

"घरी गेल्यावर कळलं असतं."

"घरी गेल्यावर मी पाहिलं नसतं."

गेटकडून भूपेश चालत येऊ लागला होता, त्याच्यामागे आणखी दोघं, बाह्या सरसावत. ढकलायला येत होते, हे त्यांच्या चालीवरून दिसत होतं. ढकलत आत नेली, तर ती आपल्या इंजिनावर आली असं कोणी म्हणणार नव्हतं, भूपेशसुद्धा नाही, आणि ते मलाही पटलं असतं.

"ते येऊन राहिले," प्रेमिला म्हणाली. "फिरवा."

माझा हात चावीवर होता. मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त मला जाणून घ्यायचं होतं. मी चावी फिरवली.

स्टार्टरने पुरता सूर धरण्याआधीच इंजिनाने पेट घेतला. भूपेश रस्त्यात थांबला, बाजूला झाला, आणि आम्ही त्याच्या शेजारून गेटमध्ये वळलो.